लग्नपत्रिकांची स्टाइलशीट जावास्क्रिप्टमधून: मराठी व्हेरिएबलांच्या नादात गेलेले दोन महिने

१८ सप्टेंबर २०२४

काल विसर्जन झालं, आज कामाला सुरुवात. कराडला आतेभावाचं ऑफसेट प्रेस आहे. छापील लग्नपत्रिकेबरोबर मोबाइलवर पाठवायची पत्रिकाही तो देतो. एकूण सहा डिझाइनं. प्रत्येक गिऱ्हाइकाला रंग वेगळे हवेत, म्हणून आत्तापर्यंत दर पत्रिकेला सीएसएसची (पानाचे रंग आणि मापं ठरवणाऱ्या भाषेची) फाइल कॉपी करून त्यात हाताने रंग बदलले जात. फोल्डरमध्ये अशा १४० फाइली साठल्यात. मागे फोनवर मजकूर कापला जात होता, ती चूक एका फाइलीत दुरुस्त झाली, बाकी १३९ तशाच राहिल्या.

करायचंय ते असं: डिझाइनमागे एकच साचा. साच्यात रंग-मापांच्या जागी नावं (म्हणजे व्हेरिएबल), आणि नावांच्या किमती बाहेरच्या तक्त्यातून. जावास्क्रिप्टने (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेने) साचा वाचायचा, नावांच्या जागी किमती भरायच्या, तयार मजकूर स्टाइल टॅगमध्ये, म्हणजे पानात सीएसएस ठेवायच्या जागी, टाकायचा.

तक्ता भरणार आहेत प्रेसमध्ये डीटीपी करणाऱ्या ताई. त्यांना 'प्रायमरी कलर' वगैरे नावं नको होती. त्यांची अट सरळ होती, "दादा, नावं मराठीत ठेवा, म्हणजे मला दर वेळी फोन करायला नको." त्यामुळे साच्यातली नावं मराठी: @मुख्य_रंग, @कागद_रंग, @पट्टी, @पट्टी_रंग, @कोपऱ्याची_गोलाई. या एका निर्णयाची किंमत पुढे बऱ्याच नोंदींत दिसेल.

अंदाज: दहा तास.

१९ सप्टेंबर

सगळ्यात सोपा मार्ग आधी करून पाहिला. तक्त्यातलं एकेक नाव घ्यायचं आणि रिप्लेस करायचं. पहिल्या पाच मिनिटांत कळलं की साधी स्ट्रिंग दिली तर रिप्लेस फक्त पहिली जागा बदलतं. हे मला माहीत होतं, तरी विसरलो. रिप्लेस-ऑल केलं.

मग पट्टीच गायब झाली. तयार मजकूर उघडला तर रंगाच्या जागी '१२पीएक्स_रंग' असं काहीतरी बसलेलं (पीएक्स म्हणजे पिक्सेल, मापाचं एकक). @पट्टी हे नाव @पट्टी_रंग च्या पोटात आहे, आणि तक्त्यात पट्टी आधी येते. तिने पट्टी_रंगचा अर्धा भाग खाल्ला. तात्पुरतं नावं लांबीप्रमाणे उतरत्या क्रमाने लावली. चाललं, पण हे ठिगळ आहे.

सीएसएसचा त्रास हा की ते तक्रारच करत नाही. चुकीची ओळ मुकाट्याने गाळतं आणि पुढे जातं. पट्टी दिसत नाही म्हणून मी अर्धा तास एचटीएमएल तपासत बसलो.

वेळ: ३ तास.

२२ सप्टेंबर

ठिगळ काढून नीट करायचं ठरवलं. साच्यावरून एकदाच फिरायचं, @ पुढचं पूर्ण नाव रेगेक्सने (मजकुरातला नमुना शोधणाऱ्या सूत्राने) पकडायचं, तक्त्यात शोधायचं, किंमत परत द्यायची. रिप्लेसला दुसऱ्या जागी फंक्शन दिलं की हे होतं. आणखी एक फायदा म्हणजे किमतीत डॉलरचं चिन्ह आलं तरी त्याचा वेगळा अर्थ लावला जात नाही.

नाव पकडायला सवयीने बॅकस्लॅश-डब्ल्यू लिहिलं. एकही नाव सापडलं नाही. बॅकस्लॅश-डब्ल्यू म्हणजे इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर, एवढंच. देवनागरी त्याच्या हिशेबी अक्षरच नाही. शब्दाची हद्द ओळखणारं बॅकस्लॅश-बी त्याच व्याख्येवर चालतं, त्यामुळे तेही कामाचं नाही.

मग युनिकोडचा (सगळ्या लिपींच्या चिन्हांना कोड देणाऱ्या पद्धतीचा) यू फ्लॅग लावून 'कोणतंही अक्षर' असा वर्ग घेतला, म्हणजे कंसातला एल. आता सापडायला लागलं, पण तयार मजकुरात हे आलं: 'अनडिफाइन्ड', आणि त्याला लटकलेला एक अनाथ उकार, ठिपक्यांच्या गोलासकट, पुढे 'ख्य_रंग'. उकार, वेलांटी, काना, हलन्त ही युनिकोडमध्ये अक्षरं नाहीत, चिन्हं आहेत. त्यांचा वर्ग एम. त्यामुळे 'मुख्य' मधला फक्त 'म' पकडला गेला आणि शोध थांबला. शाळेत बाराखडी शिकवताना 'मु' एकच असतो, संगणकाला ते दोन नग आहेत.

शेवटी वर्ग घेतला 'लिपी देवनागरी' आणि त्यात अंडरस्कोर जोडला. यात मात्राही येतात. शिवाय इंग्रजी नाव असलेला सीएसएसचा स्वतःचा @मीडिया नियम (पडद्याच्या रुंदीनुसार मांडणी बदलणारा) या जाळ्यात अडकत नाही, हा नकळत झालेला फायदा. नावं मराठीत ठेवल्याबद्दल दोन दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

जाता जाता: तक्त्यात नसलेलं नाव आलं तर आता एरर फेकतो. 'अनडिफाइन्ड' गुपचूप मजकुरात जाऊ देणं ही सुरुवातीलाच केलेली चूक होती.

वेळ: ४ तास.

२८ सप्टेंबर

ताईंनी पहिला तक्ता भरून पाठवला. चार गोष्टी मोडल्या.

पहिली: मापं देवनागरी आकड्यांत. '१२', '१.५'. त्यांच्या दृष्टीने बरोबरच. सीएसएसला मात्र देवनागरी आकडे कळत नाहीत, जावास्क्रिप्टच्या नंबरलाही नाहीत. तो 'नॅन' (म्हणजे 'आकडा नाही') देतो. ० ते ९ ही अंकचिन्हं युनिकोडमध्ये ओळीने असल्यामुळे रूपांतर एका ओळीत झालं.

दुसरी: रंगाच्या रकान्यात 'डाळिंबी', 'मोरपिशी', 'आमसुली'. फोन केला तर म्हणाल्या, "अहो, गिऱ्हाईक तेच सांगतं ना!" गिऱ्हाईक खरंच रंगाचा हेक्स कोड (सोळाच्या पायावरचा आकडा) सांगत नाही. म्हणून चोवीस मराठी रंगांचा कोश केला. अबोलीवर आमचं एकमत व्हायला वीस मिनिटं लागली. माझी अबोली त्यांना केशरी वाटत होती. शेवटी त्यांनी परसातलं फूल कागदावर ठेवून फोटो पाठवला आणि त्यावरून रंग उचलला.

तिसरी: एका रंगाची किंमत दुसऱ्या रंगाचं नाव. @पट्टी_रंग म्हणजे @मुख्य_रंग. ही सोय मीच सांगितली होती, पण त्यांनी खाली @मुख्य_रंग म्हणजे @पट्टी_रंग असंही लिहिलं. माझं फंक्शन नाव संपेपर्यंत फिरत राहायचं, ते फिरतच राहिलं, टॅब गोठला. आता वाटेत आलेली नावं लक्षात ठेवतो, तेच नाव परत आलं की थांबतो आणि दोन्ही नावं दाखवतो.

चौथी: 'कोपऱ्याची_गोलाई सापडत नाही.' तक्त्यात तर डोळ्यांसमोर दिसतंय. कॉपी करून पेस्ट केलं की चालतं, त्यांनी टाइप केलेलं चालत नाही. ही उद्या.

२९ सप्टेंबर

कोपऱ्याने पूर्ण रविवार घेतला.

दोन्ही नावांची लांबी छापली. माझं १५, त्यांचं १६. पडद्यावर काडीचाही फरक नाही. मग एकेक अक्षराचा कोड छापला तेव्हा उलगडलं. आपल्या 'ऱ्या' मधला अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. माझ्या कीबोर्डवर नुक्त्याचं (खाली टिंब असलेलं) ऱ, मग हलन्त, मग य. ताईंच्या फोनेटिक कीबोर्डवर साधा र, हलन्त, मग एक न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक, मग य. दिसायला दोन्ही 'ऱ्या'. तुलनेला दोन वेगळी नावं.

आधी वाटलं, जावास्क्रिप्टचं नॉर्मलाइझ (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारं) लावलं की झालं. नाही झालं. ते ऱ आणि 'र अधिक नुक्ता' यांना एक मानतं, पण जोडकाला हात लावत नाही. शिवाय जोडक हा 'लिपी देवनागरी' वर्गातही येत नाही. साच्यात कुणी असं नाव लिहिलं असतं तर रेगेक्स 'कोपर्' वरच थांबलं असतं.

उपाय: नावांची तुलना करण्याआधी त्यांची एक किल्ली बनवायची. नॉर्मलाइझच्या एनएफडी प्रकाराने ऱ फोडायचा (र आणि नुक्ता वेगळे), मग नुक्ता काढून टाकायचा, जोडक आणि त्याचा भाऊ विजोडक दोन्ही काढून टाकायचे. शुद्धलेखनाच्या दृष्टीने ही किल्ली 'कोपर्याची' अशी अशुद्ध आहे, पण ती कुणाला दाखवायची नाही, फक्त जुळवायची आहे. रेगेक्सच्या वर्गातही जोडक घातला.

मराठीत नावं ठेवणार असाल तर हे पहिल्याच दिवशी करा. 'दुसऱ्या', 'वाऱ्या', 'किनाऱ्या' अशा कुठल्याही सामान्यरूपात हे तुम्हाला गाठणारच. हिंदीत नाव ठेवलं असतं तर कदाचित कधीच भेटलं नसतं.

वेळ: ६ तास. कालचे धरून आत्तापर्यंत १९.

५ ऑक्टोबर

ताईंसाठी थेट झलक. रंगाची पेटी उघडून बोट फिरवलं की शेजारची पत्रिका रंग बदलते. दाखवायला झकास.

पाच मिनिटांनी लॅपटॉपचा पंखा घोंघावायला लागला. रंगपेटी ओढताना 'इनपुट' घटना सतत येते, आणि मी दर घटनेला नवीन स्टाइल टॅग जोडत होतो. पानाच्या हेडमध्ये (वरच्या, न दिसणाऱ्या भागात) ४०० च्या वर टॅग साठले होते. शेवटचा टॅग जिंकतो म्हणून दिसायला सगळं बरोबर होतं.

एकच टॅग ठेवून त्यातला मजकूर बदलायला लागलो. पंखा शांत झाला, पण आता अक्षरं लुकलुकायला लागली. फॉन्ट 'मुक्ता' आहे, 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा, मोफत परवान्याचा. त्याचा फॉन्ट-फेस नियम (फॉन्ट कुठून घ्यायचा ते सांगणारा) त्याच साच्यात होता, त्यामुळे दर बदलाला ब्राउझर फॉन्टचा नियम नव्याने बसवत होता. फॉन्ट-फेस वेगळ्या, न बदलणाऱ्या फाइलीत हलवला. लुकलुक गेली.

तरीही एका रंगासाठी ६०० ओळींचा साचा दर वेळी नव्याने बनवणं पटत नव्हतं. ज्या गोष्टी बोटाखाली बदलतात त्या कस्टम प्रॉपर्टीत टाकाव्यात, असं ठरवलं. सीएसएसमध्येच दोन आडव्या रेघांनी सुरू होणारी नावं असतात, 'व्हार' मधून वाचायची. फायरफॉक्समध्ये २०१४ पासून, क्रोम आणि सफारीत २०१६ पासून आहेत, म्हणजे पाहुण्यांच्या जुन्या फोनांचीही चिंता नाही. नाव देवनागरीत चालतं. --मुख्य_रंग बिनतक्रार चाललं. नावांची तुलना मात्र अक्षरशः कोडनुसार होते, त्यामुळे कोपऱ्याची किल्ली इथेही लावावी लागली.

६ ऑक्टोबर

स्थलांतरात दोन जागी हात पोळला.

आधी साच्यात '@गोलाई' ला चिकटून 'पीएक्स' लिहिलेलं होतं. मजकूर बदलताना ते जुळून '१२पीएक्स' व्हायचं. व्हारला चिकटवून लिहिलं तर जुळत नाही, १२ आणि पीएक्स असे दोन सुटे तुकडे राहतात आणि ओळ बाद होते. सीएसएसच्या कॅल्कमध्ये (हिशेब करणाऱ्या फंक्शनमध्ये) एक पीएक्सने गुणलं.

दुसरी गोष्ट जास्त फसवी निघाली. जुन्या सवयीने प्रत्येक रंगाच्या वर एक सुरक्षित रंग लिहून ठेवला होता, म्हणजे खालची ओळ चुकली तर वरची चालेल. कस्टम प्रॉपर्टीत हे चालत नाही. व्हारची ओळ वाचताना ब्राउझरला आत काय आहे ते माहीत नसतं, म्हणून तो ती मान्य करतो आणि वरची ओळ सोडून देतो. किंमत चुकीची आहे हे नंतर कळतं, तेव्हा परत जायला जागा नसते. पार्श्वभूमी पारदर्शक, पांढऱ्यावर पांढरी अक्षरं. व्हारमध्ये स्वल्पविरामानंतर दिलेली पर्यायी किंमतही नाव मुळात नसेल तेव्हाच वापरली जाते, किंमत चुकली म्हणून नाही. म्हणून आता किंमत बसवण्याआधीच सीएसएस-सपोर्ट्सला विचारतो, हा रंग चालेल का? नाही म्हणालं तर तक्त्यातला रकाना लाल.

एक किरकोळ: जावास्क्रिप्टमधून किंमत बसवणाऱ्या सेट-प्रॉपर्टीला नाव देताना दोन रेघा विसरलात तर काहीच होत नाही, एररही नाही. पंचेचाळीस मिनिटं.

फोनची रुंदी मात्र कस्टम प्रॉपर्टीत नेता आली नाही. @मीडिया नियमाच्या अटीत व्हार चालतच नाही. म्हणून @फोन_रुंदी अजून जुन्या पद्धतीने, मजकूर बदलूनच. म्हणजे दोन्ही यंत्रणा राहिल्या: एकदाच ठरणारं मजकुरात, बोटाखाली बदलणारं व्हारमध्ये. सुरुवातीला हे मला अर्धवट वाटलं. आता वाटत नाही.

वेळ: दोन दिवस मिळून ९ तास. एकूण २८.

१३ ऑक्टोबर

काल दसऱ्याच्या मुहूर्तावर पहिली पत्रिका गेली. रात्री साडेनऊला आतेभावाचा फोन. "अरे, तारीख इंग्रजीत आलीय. मुलाकडचे आजोबा चिडलेत."

दोष माझाच. तारखेची ओळ मी सजावटीच्या सोयीसाठी सीएसएसच्या कंटेंटमध्ये (सीएसएसमधूनच पानावर मजकूर टाकायची सोय) ठेवली होती, तीही तक्त्यातून येते. आणि आकडे बदलणारी माझी ओळ सरसकट सगळ्या किमतींवर चालत होती. '१५ डिसेंबर' मधले आकडे तिने इमानदारीने इंग्रजी करून ठेवले. मापासाठी लिहिलेला उपाय मजकुरावर चालला.

तक्त्याला तिसरा रकाना जोडला: प्रकार. रंग, माप, मजकूर. आकडे फक्त मापात बदलतात.

सकाळी त्याच मजकुरात आणखी दोन गोष्टी दिसल्या. दोन ओळींचा श्लोक टाकला की ओळ तुटते तिथे सीएसएसची स्ट्रिंगही तुटते. आणि पाहुण्यांना कार्यालयाचा पत्ता कॉपी करता येत नव्हता, कारण कंटेंटमधून आलेला मजकूर निवडताच येत नाही. मग 'मजकूर' हा प्रकारच काढून टाकला आणि सगळा मजकूर एचटीएमएलमध्ये नेला, जिथे तो पहिल्यापासून असायला हवा होता. कालचा तीन तासांचा रकाना आज अर्धा निकामी.

२० ऑक्टोबर

निवडणूक जाहीर झाल्यापासून प्रेस प्रचारपत्रकांत बुडालंय. ताईंना वेळ नाही, म्हणून मी एकट्यानेच सहावं डिझाइन बसवलं. ते मूळ इंग्रजी पत्रिकेवरून घेतलेलं. त्यात @अक्षर_अंतर नावाचा व्हेरिएबल होता, किंमत २. इंग्रजीत ऐटदार दिसतं. देवनागरीत त्याने शिरोरेषा तोडली. 'शुभविवाह' शब्दाचे तुकडे दोरीवर वाळत घातल्यासारखे. हा व्हेरिएबल सहाही साच्यांतून उडवला, तक्त्यात ठेवलाच नाही. ठेवला असता तर कुणीतरी कधीतरी त्यात २ लिहिणारच.

ओळीच्या उंचीला मात्र खालची मर्यादा घातली, १.५. त्याखाली गेलं की 'आशीर्वाद' मधला रफार आणि वरची वेलांटी वरच्या ओळीत घुसतात. मर्यादा व्हारवर मॅक्स (दोनांतली मोठी किंमत घेणारं फंक्शन) लावून सीएसएसमध्येच.

४ नोव्हेंबर

भाऊबीजेला घरी सगळे जमले, तेव्हा उगाच सगळ्यांच्या फोनवर पत्रिका उघडून पाहिली. काकांच्या आयफोन ७ वर पत्रिका पूर्ण नागडी. रंग नाही, पट्टी नाही, नुसता मजकूर.

मधल्या आठवड्यात मी हौसेने स्टाइल टॅग सोडून 'अडॉप्टेड स्टाइलशीट' वर गेलो होतो. जावास्क्रिप्टमध्येच शीट बनवायची, रिप्लेस-सिंकने मजकूर भरायचा, टॅगच नको. स्वच्छ दिसतं. पण सफारीत ते १६.४ पासून, म्हणजे २०२३ पासून आहे, आणि आयफोन ७ आयओएस १५ वर थांबतो. तिथे शीट बनवायच्या ओळीवरच एरर येतो आणि पुढचं काही चालत नाही. क्रोममध्ये २०१९ पासून असल्यामुळे माझ्या डोक्यात ते 'जुनं' झालं होतं.

परत साधा स्टाइल टॅग. हौसेचे पाच तास पाण्यात. त्यातून एक खर्चही झाला: चाचणीसाठी जुना आयफोन ७ विकत घेतला, ४,५०० रुपये. या प्रकल्पाचा रोख खर्च तेवढाच.

काकांच्या फोनमुळे आणखी एक डोक्यात आलं. पाहुण्याच्या फोनवर जावास्क्रिप्टने रंग बनवायची गरजच काय? रंग तर पत्रिका पाठवतानाच ठरलेले असतात. आता 'प्रकाशित करा' दाबलं की तयार झालेलं सीएसएस पानाच्या हेडमध्येच लिहून टाकतो. पाहुण्याकडे जातं ते साधं पान. आधी क्षणभर पांढरी पत्रिका दिसून मग रंग चढायचे, तेही थांबलं. जावास्क्रिप्टची धावपळ फक्त ताईंच्या टेबलावर उरली.

१६ नोव्हेंबर

तुळशीची लग्नं लागली, पत्रिकांची रांग लागलीय. आठवड्यात अकरा पत्रिका गेल्या, एकही फोन नाही. १४० फाइलींचं फोल्डर झिप करून बाजूला ठेवलं, पुसायला धीर झाला नाही.

एकूण ४७ तास, अंदाज दहाचा. सर्वांत जास्त वेळ कोपऱ्याने खाल्ला, त्याखालोखाल अडॉप्टेड शीटच्या हौसेने.

राहिलेलं काम: ताईंनी रंगकोशात स्वतःहून नऊ रंग वाढवलेत. त्यात 'शेवाळी' दोनदा आहे, दोन वेगळ्या किमतींनी. विचारलं तर म्हणाल्या, "एक ओली, एक वाळलेली." वेगळी नावं द्यायला सांगितलंय.